लेकुरवाळे कांदे

लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. लग्नानंतर सव्वा महिन्यानं नवरा बोटीवर गेला आणि मालवणजवळ, मसुऱ्याच्या अलीकडच्या वाडीतल्या त्या घरात मी आणि सासूबाई, अशा दोघीच उरलो. साल चौसष्ट असावं. नवरा मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. एकदा गेला की नऊ-दहा महिने तोंड दिसायचं नाही.

सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांना बोलायची सवय नव्हती. सासरे लवकर गेले. एकुलता एक मुलगा अठराव्या वर्षीच समुद्राला लागला. तेव्हापासून त्या एकट्याच राहत होत्या आणि बोलल्या तर परसातल्या झाडांशी बोलत. मी कुडाळची, शाळामास्तरांची मुलगी. आमच्या घरी जेवतानासुद्धा वाद चालायचे. इथं मात्र दिवसभरात चार वाक्यं व्हायची. "उठलंस?" "च्या घेतलंस?" "पेज जेव." "दिवो लाव." सुरुवातीचे काही महिने मी रोज ती वाक्यं मोजायची.

त्यांचा सगळा जीव परसात होता. हळद, आलं, सुरण, कारांदे, कणगर, जे जमिनीखाली वाढतं ते सगळं त्यांच्या हाताला यायचं. सुरणाच्या गड्ड्यावर नुसता हात फिरवून तो किती वर्षांचा हे त्या सांगत. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यावंसंही तेव्हा वाटलं नव्हतं.

कार्तिकात, तुळशीचं लग्न झाल्यावर, एक दिवस शेजारच्या गावचा एक माणूस आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, येऊन उभा राहिला. नवऱ्याच्याच बोटीवर होता, सुट्टी घेऊन आला होता. त्याच्या हातात कापडी पिशवी होती.

"तुमच्या घोवान दिल्यान," तो मला म्हणाला. "फुलांचे कांदे आसत. हॉलंडातले. खाव नकात."

"म्हणजे लावायचे कसे?"

"ता माका काय म्हायत नाय. तो पत्रात लिवतलो." पाणी पिऊन तो कट्टा गावाच्या एसटीसाठी निघून गेला.

पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले बारा कांदे होते, आणि एक रंगीत चित्र. चित्रात लांबच लांब शेत, त्यात लाल, पिवळ्या, पांढऱ्या फुलांचे पट्टे, कुणी अंगणात लुगडी वाळत घातल्यासारखे. मी त्या चित्राकडे बघत राहिले. नवऱ्यानं माझ्यासाठी पाठवलेली ती पहिली वस्तू. लुगडं नाही, अत्तर नाही, कांदे! हसावं की रुसावं ते कळेना.

सासूबाईंनी चित्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी बाराही कांदे पडवीत सुपात ओतले आणि एकेक हातात घेऊन तपासायला बसल्या. वास घेतला, बुडाशी नख लावून पाहिलं, कानाशी धरून हलवला. मग सुपात दोन ढीग केले. एका ढिगात सात कांदे, गुळगुळीत, तपकिरी, टोकदार, एकसारखे. दुसऱ्या ढिगात पाच, काळपट सालीचे, बेढब, आणि प्रत्येकाच्या कडेला एक-दोन छोटे कांदे चिकटलेले.

"ह्ये दोन जातीचे आसत," त्या म्हणाल्या. "ह्ये एकटे, आणि ह्ये लेकुरवाळे."

तेवढं बोलून त्यांनी सूप कोनाड्यात ठेवलं आणि गुरांना चारा घालायला गेल्या.

पत्र यायला पंधरा दिवस लागले. पोस्टमनच्या हातातून घेऊन मी ते खळ्यातच वाचायला लागले, तर सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. नवरा पत्रात शुद्ध मराठी लिहायचा, त्यामुळे ते वाचताना मला तो परका वाटायचा. त्यानं लिहिलं होतं, "हे कांदे कुंडीत लावून हिवाळाभर उघड्यावर ठेवावेत. त्यांना गारठा लागतो. तिकडे ते बर्फाखाली पडून असतात आणि वसंतात फुलतात. चांगला गारठा मिळाला नाही तर फुलत नाहीत, असे दुकानदाराने सांगितले. तुला आवडतील म्हणून घेतले. पाणी बेताने घालावे."

"बर्फ?" सासूबाईंनी विचारलं. "तो आता खंयसून हाडूचो?"

"आये, थंडीतरी देवकच होयी. तसा लिवला हा."

"थंडी आसा ती पुरे. आंब्याच्या मोहराक आमची थंडी पुरता, मगे ह्या कांद्यांक कित्याक पुरणा नाय?"

"पण दुकानदार सांगता—"

"दुकानदार इकूचा काम करता. लावूचा काम मी करतंय."

मला राग आला. नवऱ्यानं मला पाठवलेले कांदे, माझ्या नावानं आलेलं पत्र, आणि या तिसऱ्याच बाई ठरवणार! मी म्हटलं, "आये, आपण वाटून घेवया. अर्धे तुमी तुमच्या रीतीन लावा, अर्धे मी पत्रात लिवल्यासारखे लावतंय."

मला वाटलं, त्या चिडतील. पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "बरा," त्या म्हणाल्या. "तुका खंयचे होये ते घे."

मी अर्थातच ते सात गुळगुळीत, देखणे कांदे उचलले. सासूबाईंनी ते पाच बेढब आपल्याकडे ओढले. "जेका पोरां आसत, तो जगतलो," एवढंच पुटपुटल्या.

कुंड्या आमच्याकडे कुठल्या असायला! मी डालडाचे डबे जमवले, खिळ्यानं बुडाला भोकं पाडली आणि तांबड्या मातीत शेणखत कालवून भरलं. सासूबाईंनी फुटक्या माठांचे खालचे भाग घेतले. त्यात खाडीची वाळू, चुलीतली राख आणि फणसाखालचा कुजलेला पाचोळा. मला त्यांची माती भिकारी वाटली. त्यांनी आपले माठ विहिरीच्या उत्तरेच्या अंगाला, कठड्याच्या सावलीत ठेवले आणि पहिल्या दिवशी एकदा पाणी दाखवलं. त्यानंतर दव पडेल तेवढंच.

मी मात्र गारठ्याच्या मागे लागले. पडवीच्या मागच्या बाजूला एक मोठा, गळका रांजण होता. त्यात वाळू भरली, वाळू भिजवली आणि तिच्यात माझे डबे गळ्यापर्यंत पुरून ठेवले. वर ओलं गोणपाट. दिवसातून चारदा मी ते भिजवायची. दुपारी हात घालून पाहिलं की आत खरंच गार लागायचं. मला स्वतःचाच अभिमान वाटायचा.

एका दुपारी आमच्या कोंबडीला त्या गारव्याचा शोध लागला. मी पाहिलं तेव्हा ती गोणपाट बाजूला सारून एका डब्यात ऐसपैस बसली होती आणि कांदा बाहेर पडला होता. मी ओरडले. सासूबाई धावत आल्या, कोंबडीला उचललं, कांदा परत मातीत दाबला, आणि पदर तोंडाला लावला. त्या हसताहेत हे मला उशिरा कळलं. तोवर मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं.

मार्गशीर्ष संपत आला तरी माझ्या डब्यांत काही हालचाल नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात बर्फाचं आलं. आमच्या शेजारचे काका मालवणच्या बंदरावर एका मासळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला होते आणि शनिवारी घरी यायचे. बंदरावर मासळीसाठी बर्फ येतो हे ठाऊक होतं. मी त्यांना गळ घातली.

"बर्फ? कोण आजारी आसा?" त्यांनी विचारलं.

"कोण नाय. झाडांक होयो."

काकांनी माझ्याकडे, मग सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई कोयत्यानं नारळ सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हाडा. तिका होयो आसा तर हाडा."

पुढच्या शनिवारी काका एसटीनं कट्ट्याला उतरले ते डोक्यावर भिजलेलं पोतं घेऊन. लाकडाच्या भुशात बर्फ गुंडाळला होता. निघताना तो चांगला पाटीभर होता म्हणे. कट्ट्यावर नारळाएवढा झाला. आमच्या खळ्यात पोतं सोडलं तेव्हा भुशात आंघोळीच्या साबणाच्या वडीएवढा तुकडा होता. काकांचा सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत ओला.

"माका गाडीत सगळे इचारी होते, पोत्यात काय जिता आसा काय म्हणान!" काका म्हणाले.

मी तो तुकडा घेऊन रांजणाकडे निघाले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. "सात डबे आणि येवढो बर्फ. कोणाच्या नाकार लावतलंस?"

मी थांबले. खरंच होतं ते. त्या आत गेल्या, कोकमाचं आगळ घेतलं, गूळ आणि पाणी घातलं, तांब्यात तो बर्फ टाकला आणि तीन पेल्यांत सरबत ओतलं. त्यांनी आयुष्यात बर्फ चाखला नव्हता. पहिला घोट घेतला आणि दोन्ही हातांनी गाल धरले.

"अगो माझे आये! दातांक झोंबता गो!"

मग मी हसले, काका हसले, आणि सासूबाई तर खळ्यात बसूनच हसायला लागल्या. पेला खाली ठेवायच्या, पुन्हा उचलायच्या, घोट घ्यायच्या आणि पुन्हा गाल धरायच्या. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा जेवण होईपर्यंत बोलत बसलो. त्यांनी मला त्यांच्या लग्नातली गोष्ट सांगितली, वरातीत बैल बुजला आणि नवरा-नवरी दोघंही भाताच्या शेतात पडली ती. वाक्यं मोजायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

पौषात थंडी पडली. म्हणजे आमची थंडी, पहाटे खळ्यात शेकोटी आणि गवतावर दव. सासूबाईंच्या माठांत हिरव्या जिभा वर आल्या. पाचही माठांत. दहाएक दिवसांनी माझ्या डब्यांतही कोंब आले, आणि काय देखणे! रुंद, राखाडी छटेची हिरवी पानं, एकमेकांना मिठी मारून वर येणारी. त्यांच्या माठातली पानं लांब, चपटी, पातीच्या कांद्यासारखी. मी मनात म्हटलं, जिंकले.

पण माझी पानं वीतभर झाली आणि थांबली. एके दिवशी दोन डब्यांतली पानं पिवळी पडली. ओढून पाहिलं तर हातातच आली. खाली कांदा कुजला होता. मग आणखी तीन. उरलेल्या दोनांपैकी एकात, पानांच्या तळाशी, हरभऱ्याएवढी कळी दिसली. मी रोज सकाळी उठून आधी ती बघायची. आठ दिवस ती तेवढीच राहिली, नवव्या दिवशी सुकून तपकिरी झाली; तोवर दुसऱ्या डब्यातला कांदाही कुजला होता.

मी रांजणापाशी बसून रडले. कांद्यासाठी रडणं म्हणजे काय ते आज सांगायला हसू येतं, पण तेव्हा मला वाटलं, त्यानं एवढ्या लांबून एक गोष्ट पाठवली आणि ती माझ्या हातून मेली. सासूबाई विहिरीवरून कळशी घेऊन येत होत्या. कळशी खाली ठेवून त्या माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या.

"रडतंस कित्याक?"

"माझे सगळे मेले."

त्यांनी तो उरलेला डबा जवळ घेतला, पानं बोटांनी चाचपली. "ह्यो कांदो परमुलखातसून सासरी इलो. हवा येगळी, माती येगळी, पाणी येगळा. पयल्याच वरसाक पानां काढल्यान, ता काय कमी झाला?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि पाणी जास्त घातलंस तू. तुझा प्रेम जास्त झाला. कांद्याक प्रेम थोडा लांबसून करूक होया."

मी डोळे पुसले. त्यांनी कळशी उचलली आणि आम्ही आत गेलो.

माघ लागला त्या सुमाराला एका सकाळी त्यांची हाक आली, "गो, हय ये! धावत ये!" मला वाटलं साप निघाला. मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. विहिरीच्या कठड्याशी एका माठात सरळ दांडा वर आला होता. त्याच्या टोकाचं पातळ आवरण फाटलं होतं आणि त्यातून सहा-सात लहान फुलं बाहेर झुकली होती. पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळी इवलीशी वाटी. वास असा की विहिरीचं पाणीही त्याच वासाचं वाटावं. चार दिवसांत बाकीचे चारही फुलले.

बातमी वाडीभर झाली. आंगणेवाडीची जत्रा जवळ आली होती, मुंबईचे चाकरमानी गावात येत होते. मसुऱ्याला जाणारी माणसं वाट वाकडी करून आमच्या विहिरीवर यायला लागली. एका गृहस्थांनी सांगितलं की असली फुलं त्यांनी मुंबईत साहेबाच्या बंगल्यावर पाहिली आहेत, पण ती यापेक्षा बारीक होती. सासूबाईंनी त्यांना चहा दिला. ज्यांनी नुसतंच "छान आसत" म्हटलं, त्यांना पाणी.

वाडीतले भटजीही आले. सासूबाईंनी विचारलं, "देवाक घालू काय एक?"

भटजींनी चष्मा पुसला. "कांद्याचं फूल देवाला? ते कसं चालेल?"

"निशिगंध कसलो? तो पण कांद्यासूनच येता मा? तो देवाक चलता."

भटजी फुलाकडे पाहत राहिले. "तसं बघायला गेलं तर..." ते म्हणाले, आणि पुढे काही सुचेना म्हणून वास घेतला. "घाला, घाला. वास उत्तम आहे."

देवाला एक दांडा गेला. दुसरा सासूबाईंनी स्वतः कापला, मला खाली बसवलं आणि माझ्या अंबाड्यात खोवला. त्यांचे हात मातीचे होते, खरखरीत, पण केसाला जरासुद्धा हिसका बसला नाही. मी म्हटलं, "आये, एक फूल तुमी—"

"मी खंय माळतलंय आता," त्या म्हणाल्या आणि उठल्या. विधवेनं फूल माळायचे ते दिवस नव्हते. पण संध्याकाळी दिवा लावताना पाहिलं तर त्यांच्या पदराच्या टोकाला, किल्लीच्या शेजारी, एक फूल गाठीत बांधलेलं होतं. दिवसभर काम करताना त्या अधूनमधून पदराचं टोक नाकाशी का नेत होत्या ते तेव्हा कळलं.

नवरा आला चैत्रात. तोवर फुलं कधीच गेली होती आणि माठांत पिवळी पडलेली पानं लोळत होती. खळ्यात पाय धुतानाच त्यानं विचारलं, "कांदे फुलले?"

मग आम्ही दोघी एकदमच सांगायला लागलो. कोंबडी, काकांचा ओला सदरा, हरभऱ्याएवढी कळी, भटजी. एकीचं संपायच्या आत दुसरी सुरू करायची. तो कधी माझ्याकडे, कधी आईकडे पाहत होता. त्यानं त्या घरात एवढा आवाज कधी ऐकला नसावा.

शेवटी मी म्हटलं, "तुम्ही तिकडे फुललेले पाहिलेत तेव्हा केवढे होते?"

तो जरा ओशाळला. "मी खंय बघितलंय," तो म्हणाला. "आमची बोट थय पावली तेव्हा ऑक्टोबर होतो. दुकानात नुसते कांदे आणि चित्र. दुकानदार बोलल्यान ता मी अर्धा समाजलंय, अर्धा हातवाऱ्यान."

"म्हणजे तुका काय एक म्हायत नसताना माझ्या सुनेक बर्फ शोधूक लावलंस?" सासूबाई म्हणाल्या. माझ्या सुनेक, हे शब्द मी ऐकले आणि लक्षात ठेवले. त्यांना मात्र आपण काही विशेष बोललो असं वाटलं नसावं. त्या त्याला रागावण्यात गुंतल्या होत्या.

पाऊस लागायच्या आत सासूबाईंनी कांदे उपटले, पानं छाटली, राखेत घोळवले आणि चुलीवरच्या शिंक्यात टांगले. माझा उरलेला एक कांदाही त्यांनी त्यात ठेवला, पण तो श्रावणापर्यंत पोकळ झाला. लेकुरवाळे मात्र टिकले. पुढच्या कार्तिकात पाचाचे अकरा करून आम्ही लावले. या वेळी वाटणी नव्हती. मी वाळू चाळली, त्यांनी राख कालवली, आणि पाण्याच्या तांब्याला मला हात लावू दिला नाही.

त्या वर्षी नवऱ्याला दुसरी बोट मिळायला उशीर झाला आणि तो माघापर्यंत घरी होता. अकरांपैकी दोनच फुलले. बाकीच्यांनी नुसती पानं काढली. सासूबाई म्हणाल्या, लहान आहेत, त्यांना वेळ द्या. पहिला दांडा उमलला त्या सकाळी त्यांनी मुलाला झोपेतून उठवून विहिरीवर नेलं. तो अंगावर चादर घेऊनच गेला. मी चहाचे पेले घेऊन मागून पोचले, तर तो कठड्याशी उकिडवा बसून फुलाकडे पाहत होता आणि त्या त्याला बोटानं एकेक पाकळी दाखवून समजावत होत्या, दांडा कधी आला, आवरण कधी फाटलं, कुठलं फूल आधी उघडलं. तो ऐकत होता. मी त्याच्या हातात चहा दिला आणि दोघांच्या मध्ये जागा करून बसले.